‘नका’ येईपर्यंत

इरा आणि नील,

परवा व्हिडिओ कॉलवर नीलला उचकी लागली तेव्हा मी सवयीने विचारलं, "कोण रे तुझी आठवण काढतंय?" त्यावर नील, तू इंग्रजीत सांगितलंस की आठवण कोणी काढत नाहीये, तू सोडा फार भरभर प्यायलास. इरा हसली, तुमच्या आईने पाणी आणलं आणि बोलणं शाळेकडे वळलं. फोन ठेवल्यावर मात्र मी जागची हलले नाही. मला होडेकर आठवले. ते असते तर त्यांनी तुझी उचकी आधी कागदावर काढली असती, मग तिचं सर्किट केलं असतं, आणि ते सगळं उभ्या उभ्या.

तुम्ही दोघं दोह्याला आलात तेव्हा लहान होतात. आठवलाच तर समोरच्या दारातून येऊन आमच्या फ्रीजला कान लावणारा एक उंच माणूस एवढंच आठवेल. म्हणून लिहून ठेवते. मराठीत लिहिते, कारण या माणसाची गोष्ट इंग्रजीत सांगता येत नाही. का, ते पुढे कळेल. अडेल तिथे आईला विचारा.

मुश्ताक होडेकर मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. कतारमध्ये दोह्याजवळच्या मेसईदच्या खत कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट इंजिनियर होते, म्हणजे पंप, कॉम्प्रेसर असल्या यंत्रांची तब्येत सांगणारी जी उपकरणं असतात ती सांभाळणारे. पत्नी रुकय्याभाभी गावी. हे इथे दोह्यात, फरीज बिन ओमरान भागात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दोन चुलतभावांबरोबर राहायचे आणि पहाटे कंपनीच्या बसने मेसईदला जायचे. त्या फ्लॅटमध्ये माणसं, मासे आणि कपडे वाळत घालायची दोरी यांतून जी जागा उरे ती त्यांच्या सर्किटच्या तारांना पुरत नसे. म्हणून त्या तारा हळूहळू आमच्या जेवणाच्या टेबलावर आल्या.

होडेकर बसत नसत. चहाचा कप घेऊन ते स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा येरझाऱ्या घालत आणि कप संपला की तो जिथे असतील तिथे ठेवत. मला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते, त्यामुळे त्यांच्यानंतर मीही तशाच येरझाऱ्या घालून कप गोळा करी. लिफ्टचं बटण ते चार-पाचदा दाबत, मग धीर सुटून जिन्याने उतरत, आणि मागून रिकामी लिफ्ट येऊन आमच्या मजल्यावर दार उघडे. तुमचे आजोबा त्यांना म्हणत, "होडेकर, आमच्या खुर्च्यांना खिळे आहेत का?" त्यावर उत्तर ठरलेलं असे, "भाऊ, बसलो की ऐकू येत नाय."

ऐकणं हाच त्यांचा धंदा आणि तोच छंद. घरात आले की आमच्याआधी आमच्या यंत्रांची विचारपूस होई. वॉशिंग मशीनवर तळहात, एसीखाली मान वाकडी करून उभं राहणं, फ्रीजच्या पाठीला कान. एकदा फ्रीजचा निरोप घ्यावा तसं त्याला थोपटून म्हणाले, "वहिनी, हा जाणार." मला राग आला, कारण फ्रीज उत्तम चालत होता. दिवाळीचे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तो गेला. आजोबा म्हणाले की फ्रीजने होडेकरांच्या शब्दाला मान दिला.

ऐकण्यात एवढे तरबेज, पण माणसाचं बोलणं मात्र त्यांनी कधी पुरतं ऐकलं नाही. तुम्ही वाक्याच्या मध्यावर असताना त्यांचं उत्तर तयार असे. कारखान्यात दिवसभर इंग्रजी आणि हिंदी. इंग्रजीत कोणी ‘डोन्ट’ म्हणालं की पुढचं ऐकलं नाही तरी चालतं, नकार आधीच येऊन गेलेला असतो. मराठीत तसं नाही. मराठीत आधी सगळं काम सांगून होतं आणि मग शेवटी कळतं की ते करायचं आहे की नाही. आजोबांना साखरेचा त्रास सुरू झाला तेव्हा मी ट्रेमध्ये चहा ठेवून म्हणाले, "होडेकर, त्यांच्या चहात साखर घालू..." एवढ्यात दोन चमचे पडून ढवळूनही झालं होतं. माझं ‘नका’ तसंच हवेत राहिलं. आजोबा या चुकीवर अतिशय खूश होते. पुढे ते मुद्दाम होडेकर आल्यावरच चहा मागत.

ते आमच्याकडे प्रथम आले ते मात्र इंग्रजीसाठी. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते, आजोबांच्या व्यवसायामुळे आम्ही इथेच राहिलो होतो, आणि लाल पेन मी अजून टाकलेलं नव्हतं. त्यांना कंपनीसाठी एक टिपण लिहायचं होतं. पहिल्याच पानावर ‘वेव्हलेट’ हा शब्द आठ-दहा वेळा. मी अर्थ विचारला आणि त्यांनी टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून एक रेघ ओढली. सपाट रेघ, मग छोटा खळगा, मग एक उंच उंचवटा, पुन्हा छोटा खळगा, आणि पुन्हा सपाट. समुद्राची लाट येतच राहते, म्हणाले, पण ही एकदाच येते आणि संपते. मी शब्दकोश काढला. मराठीत तिला तरंगिका म्हणतात, असं त्यांना सांगितलं.

"तरंगिका हे कोणाच्या तरी लेकीचं नाव वाटतं," होडेकर म्हणाले. "ही उचकी आहे, वहिनी. सपाट चाललेलं असतं, मधेच उचक, आणि परत सपाट."

तेव्हापासून आमच्या घरात ती उचकीच. त्यांचं म्हणणं मला जेवढं समजलं तेवढं सांगते. पंपाच्या आत बेअरिंग असतं, त्यात पोलादी गोळ्या फिरतात. कुठे बारीकशी चीर पडली की प्रत्येक गोळी तिच्यावरून जाताना एक उचकी देते. बाकीच्या घरघरीत ती माणसाला ऐकू येत नाही. मग आपल्याजवळ उचकीचा एक नमुना ठेवायचा आणि तो त्या आवाजावरून सरकवत न्यायचा, प्रत्येक ठिकाणी विचारायचं, ही ती आहे का? नमुना ताणून लांब करायचा, दाबून आखूड करायचा, आणि पुन्हा विचारायचं. मूळ नमुन्याला त्यांच्या शास्त्रात आईच म्हणतात आणि ताणलेल्या-दाबलेल्यांना लेकी. नाक एकच, उंची वेगळी, असं होडेकर समजावत. आणि एक नियम: उचकी जेवढी वर जाते तेवढीच तिने खाली आलं पाहिजे, बेरीज शून्य. "वर तेवढं खाली, नायतर ती उचकी नाय, नुसता धक्का," हे वाक्य ते माझ्या पोळीच्या आकारापासून पगारवाढीपर्यंत कशालाही लावत.

हे काम आजकाल सगळे कॉम्प्युटरवर करतात. होडेकरांना ते कॉम्प्युटरशिवाय करायचं होतं, नुसत्या सर्किटमध्ये. कॉम्प्युटर आवाजाचे आधी तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याला आकडा देतो आणि मग गणित मांडतो. होडेकरांच्या सर्किटमध्ये आकडा कुठे नव्हताच. त्यातले ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर अशा हिशोबाने लावलेले की आत शिरलेला आवाज वाहता वाहताच उचकीच्या साच्यातून जावा. आतला करंट कमी केला की साचा लांबतो, वाढवला की आखडतो. अशी पेटी इतकी कमी वीज खाते की एका लहान बॅटरीवर ती वर्षानुवर्षं चालावी, म्हणजे जिथे गॅसच्या भीतीने नवी वायर ओढायला परवानगी मिळत नाही तिथेही ती पंपाला चिकटवून ठेवता येईल. पुढे टिपणातही ते ‘हिकप’ लिहू लागले, आणि मी ते खोडून सगळीकडे ‘वेव्हलेट’ केलं. पुढच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, त्यांनी ते पुन्हा ‘हिकप’ केलेलं होतं. असं आमचं बरेच शुक्रवार चाललं.

हा माणूस एवढा का धडपडतो हे मला बरेच दिवस कळलं नाही. निवृत्ती जवळ आलेली. नोकरी संपली की इथे राहण्याचा परवाना संपतो आणि गावी जावं लागतं, हे इथे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्या वयाची माणसं घराच्या फरशा आणि मुलांची लग्नं यांबद्दल बोलतात. एका शुक्रवारी ते नमाजाहून आले, बरोबर सदाशिव नावाचा साताऱ्याचा फिटर होता. बुजरा, हसरा माणूस. मी चहाचा कप पुढे केला तर त्याने तो डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट, बाकी जागा मिटलेली. तो गेल्यावर मी काही विचारायच्या आतच होडेकर बोलू लागले. तेवढ्या एका वेळी त्यांनी मला मध्येच तोडलं याचं मला बरं वाटलं, कारण तो प्रश्न मला नीट विचारता आला नसता.

काही वर्षांपूर्वी एक पंप चालू असताना जाम झाला आणि त्याच्यावर काम करणाऱ्या सदाशिवचा हात सापडला. त्या दुपारी होडेकर त्या पंपाशेजारून गेले होते. काहीतरी वेगळं वाजल्यासारखं त्यांना वाटलं होतं. ते थबकले होतेही.

"ऐकलं होतं, वहिनी," ते बाल्कनीच्या दाराशी पाठमोरे उभे राहून म्हणाले. "पण पुरतं ऐकलं नाय. बस सुटत होती."

आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग होडेकरांनी एसीकडे मान वळवली आणि त्याचा पंखा एका बाजूला घासतोय असं सांगून ते निघून गेले.

तर त्यांना हवं होतं ते एवढंच. आपण गेल्यावर त्या पंपाशी कोणीतरी थांबून ऐकणारं असावं, ज्याला बस पकडायची नसते. कंपनी सगळ्या पंपांवर बाहेरून मागवलेली कॉम्प्युटरची यंत्रणा बसवणार होती. त्यांच्या मॅनेजरने, माणूस भला होता, एक सवलत दिली. होडेकरांची पेटी त्या एका पंपावर लावून बघू. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिने खोटी ओरड केली नाही तर ती तिथेच राहील. पुन्हा खोटं ओरडली तर खलास, काढून टाकायची.

‘पुन्हा’ म्हणाले, कारण ती ओरडली होती. आमच्या टेबलावर गुणी मुलीसारखी वागणारी पेटी मेसईदला गेली की दुपारच्या उन्हात कशालाही उचकी समजून लाल दिवा लावी. बाजूचा पंप सुरू झाला, लावला दिवा. जड ट्रक गेला, लावला दिवा. तिथले लोक तिला म्हातारी म्हणू लागले. कोणी शिंकलं तरी म्हातारी उठते, असे टोमणे होडेकर स्वतःच येऊन सांगत, हसत, आणि हसताना हातातल्या स्क्रू ड्रायव्हरने टेबल उकरत. त्या ओरखड्यावर आता मी फुलदाणी ठेवते.

त्यांना वाटलं, दोष उन्हाचा. ते काही अंशी खरंही होतं. त्यांनी सर्किट जुळवलं आमच्या एसीच्या गारव्यात आणि ते राबणार मेसईदच्या ऑगस्टमध्ये. उष्णतेने आतले भाग बदलतात आणि उचकी ताणली जाते. म्हणून त्यांनी एक शुक्रवार एसी बंद करून काम केलं. आजोबा बनियनवर बसले आणि मी माझ्या बहिणीकडे, उम्म सलाल मोहम्मद या गावाला, निघून गेले. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा त्यांची नजर माझ्या ओव्हनकडे वळली.

माझ्या ओव्हनमध्ये नानकटाई होते आणि केक होतो. त्यात हिरव्या रंगाची, बुरशीसारखा वास मारणारी सर्किटची पाटी ठेवायची कल्पना मला मुळीच पसंत नव्हती. पण होडेकरांनी ओव्हन आधीच पुसून घेतला होता. अगदी मंद आचेवर सर्किट आत, दाराच्या फटीतून बाहेर येणाऱ्या तारा, टेबलावर लाटा दाखवणारा स्क्रीन, आणि त्या पंपाचा रेकॉर्ड केलेला आवाज छोट्या यंत्रातून सर्किटला ऐकवायचा, असा सगळा थाट झाला. सर्किट आतपर्यंत तापून स्थिर व्हायला तासभर लागेल, तोवर ओव्हनला कोणीही हात लावायचा नाही, हे त्यांनीच मला बजावलं आणि घड्याळाची जबाबदारी माझ्यावर दिली. ते योग्यच होतं. वेळ पाळायला त्या घरात मीच होते.

अर्धा तास ते टेबलाभोवती फिरले. मग रुकय्याभाभींचा फोन आला म्हणून बाल्कनीत गेले. भाभींचा आवाज आतपर्यंत ऐकू येत होता. त्या विचारत होत्या की या वेळी घरी राहायला येताय की नेहमीसारखे पाहुणे म्हणून. होडेकर नेहमीप्रमाणे त्यांच्या प्रश्नाआधीच उत्तर देत होते, आणि उत्तर चुकीचं पडत होतं. शेवटी इन्शाल्ला, इन्शाल्ला म्हणत त्यांनी फोन ठेवला, वैतागून आत आले, आणि त्यांचा हात सरळ ओव्हनच्या बटणाकडे जाताना मी पाहिला.

"होडेकर, ओव्हन बंद करू..."

खट्. बंद.

"...नका," मी म्हणाले.

ओव्हन थंड होऊ लागला. तासाभराची परीक्षा अर्ध्यावर फुकट गेली. होडेकर माझ्यावरच उखडले, "तुम्हीच म्हणालात ना, बंद करू."

"‘नका’ यायचं होतं अजून."

"मग आधी सांगायचं ते."

आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "होडेकर, मराठीत नकार सगळ्यात शेवटी येतो. तुम्ही गेली कित्येक वर्षं आमचं अर्धंच वाक्य ऐकताय. साखरेबद्दल माझी तक्रार नाही, पण वस्तुस्थिती सांगतो."

मी हसले. होडेकर हसले नाहीत. मला वाटलं ते रागावले. पण ते स्क्रीनकडे बघत होते. आधी उभ्याने, मग वाकून, मग टेबलावर दोन्ही हात टेकून. पेटीतल्या उचकीचा आकार तिथे दिसत होता. आजवर मी तो शंभरदा पाहिला असेल. उंचवटा होता, एका बाजूचा खळगाही होता. दुसऱ्या बाजूला खळगाच नव्हता. तिथे रेघ कड्यासारखी सरळ तुटलेली होती. एवढे दिवस ते मला ठाऊक होतं, आणि तो भाग असाच असतो असं मी समजत होते.

त्यांनी मला नंतर समजावलं ते असं. उचकी पूर्ण झाली की नाही हे सर्किटला ती संपल्यावरच कळू शकतं. पुढे काय येणार हे त्याला आधी दिसत नाही. म्हणून त्याला मुद्दाम थोडा उशीर द्यावा लागतो. जेवढा उशीर जास्त, तेवढा आकार पुरा उतरतो. पण उशीर वाढवायचा तर सर्किटचे मजले, म्हणजे एकामागून एक जोडलेले टप्पे, तेही वाढतात. होडेकरांनी सूचना लवकर मिळावी म्हणून तो उशीर छाटला होता, दोन मजले उतरवले होते, आणि पाटी केवढी लहान झाली याचं कौतुकही आम्हाला सांगितलं होतं. त्यामुळे पेटी उचकीचा शेवटचा खळगा यायच्या आधीच उत्तर द्यायला हात वर करत होती. शेवटचा खळगा नाही म्हणजे वर तेवढं खाली नाही. मग साधा धक्काही तिला उचकी वाटणार. हे त्यांना पुस्तकातून माहीत नव्हतं असं नाही. तो नियम दिवसातून दहा वेळा ते आम्हालाच ऐकवत होते.

"किती उशीर लागतो?" आजोबांनी विचारलं.

"पापणी हलायच्या आतला."

"एवढ्याशासाठी?"

"तिचं वाक्यच तेवढं असतं, भाऊ," होडेकर म्हणाले. "तेवढं तरी पुरतं ऐकायला हवं."

दोन मजले पुन्हा चढले. पाटी मोठी झाली, बॅटरी बदलावी लागली, पेटी आधीच्या पेटीइतकी देखणी राहिली नाही. ओव्हनमध्ये ती आणखी दोन शुक्रवार बसली आणि दोन्ही वेळा पूर्ण तास बसली. मेसईदला गेल्यावर ती गप्प झाली. ट्रक गेले, बाजूचे पंप सुरू-बंद झाले, दिवा लागला नाही. लोक म्हणू लागले की म्हातारी झोपली. आता होडेकरांना ती खरंच झोपली असेल अशी धास्ती बसली. शेवटच्या त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नसे. चालता चालता थांबत, कसली तरी वाट बघत, पुन्हा चालू लागत. सामान बांधून झालं होतं. चुलतभावांनी त्यांच्या पलंगाची जागाही ठरवून टाकली होती. मी एकदा सहज विचारलं की गावी गेल्यावर काय करणार. म्हणाले, तिकडे फार शांत आहे वहिनी, तिथे ऐकायचं काय. मग मला वाईट वाटलंय असं पाहून म्हणाले, की होड्यांना इंजिनं असतात म्हणा.

पुढचं त्यांनी सांगितलं ते आमच्या खुर्चीच्या कडेवर टेकून, एवढं मी आधी लिहिते.

निघायच्या आदल्या आठवड्यातली दुपार. पेटीचा दिवा लागला. विझला, पुन्हा लागला. एव्हाना बसलेल्या नव्या यंत्रणेच्या स्क्रीनवर त्या पंपापुढे हिरवी खूण, म्हणजे सगळं ठीक. ऑपरेटर हसायला लागले की म्हातारी जाता जाता एकदा उठली. पंप थांबवायचा तर पुढचं पुष्कळ काम अडतं, आणि खोटं निघालं तर पेटी जाते. पूर्वीचे होडेकर असते तर त्यांनी दिवा पाहिल्या क्षणी थांबवा म्हणून हाक दिली असती, किंवा घाबरून दिव्यावर हात ठेवला असता. त्यांनी सगळ्यांना पंपापासून लांब व्हायला सांगितलं. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि उभे राहिले. वयाने त्यांच्या कानातले बारीक आवाज गेले होते, हे ते कोणाला सांगत नसत. एकीकडे कान, एकीकडे दिवा, दोन्ही जुळतात का बघत ते उभेच राहिले. बसचा हॉर्न झाला. बस गेली. ते हलले नाहीत.

मग मॅनेजरकडे जाऊन त्यांनी पंप बंद करायला सांगितलं.

बेअरिंग काढलं. बाहेरच्या कड्यावर खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा होता. अजून कोणाचं काही बिघडलेलं नव्हतं. ते बेअरिंग स्टोअरमध्ये जमा करायला आणलं तेव्हा तिथे सदाशिव होता. हाताचं झाल्यापासून त्याला स्टोअरमध्येच काम दिलेलं. त्याने ते अंगठा आणि एका बोटात धरून उजेडात फिरवून पाहिलं.

"सायेब," तो म्हणाला, "आज बस चुकली म्हणायची."

होडेकर एवढं सांगून थांबले. चहा समोर निवत होता. मग त्यांनी विचारलं की कप ठेवायला बशी मिळेल का.

पेटी राहिली. एका पंपावर एक पेटी, त्याहून जास्त काही झालं नाही. बाकी सगळीकडे ती नवी यंत्रणाच आहे आणि तीही चांगली चालते म्हणतात. माझं लाल पेन फिरवलेलं टिपण पुढे कुठे छापलं गेलं नाही. सदाशिव कधी दोह्यात भेटला तर मी पेटीबद्दल विचारते. तो म्हणतो, आहे, गप आहे. गप आहे हे चांगलं, एवढं आता मलाही कळतं.

ते गेले तो दिवस ऑक्टोबरचा असूनही उकाड्याचा होता. गाडी खाली उभी. चुलतभाऊ सामान चढवत होते आणि पाकिस्तानी ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करत होता. आजोबा आणि होडेकर हात धरून उभे राहिले, मग आजोबांनी साखरेचा उल्लेख केला आणि दोघे हसले. मी रुकय्याभाभींसाठी नानकटाईचा डबा दिला, त्याच ओव्हनमधला. त्यांनी तो कानाशी धरून हलवून पाहिला. मग गाडीचं दार उघडलं, एक पाय आत ठेवला, आणि त्यांची नेहमीची घाई मला त्यांच्या पाठीवर दिसली. मला वाटलं आता वळून न बघता जाणार.

"होडेकर," मी म्हणाले, "गावी गेलात तरी आम्हाला विसरू..."

आणि पुढचं अडलं. शब्द येईना. आयुष्यभर वर्गात उभी राहून बोलले, आणि एक शब्द येईना. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. चुलतभाऊ गाडीत बसले. होडेकर एक पाय आत, एक पाय रस्त्यावर, एका हातात दार आणि दुसऱ्या हातात डबा, मान जराशी कलती करून उभे होते, फ्रीजसमोर उभे राहत तसे. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. उत्तर दिलं नाही. पुन्हा हॉर्न झाला तरी ते हलले नाहीत.

"...नका," मी म्हणाले.

मग त्यांनी मान हलवली आणि गाडीत बसले.